धुपणी, तांबी आणि नर्सबाई

पार्श्वभूमी

"बाई, माह्या अंगावरून जाते," एवढं सांगून बाई खाली बघते. पांढरं जाते की लाल, हे विचारल्याशिवाय कळत नाही, कारण बोलीत दोन्हीला तेच शब्द. पांढऱ्याला वेगळं नाव आहे, धुपणी. पण ते सासूच्या पिढीचं. सुना आता "व्हाईट जाते" म्हणतात. आणि धुपणी एकटी कधी येत नाही. कंबर भरून येते, पोटऱ्या वळतात, डोळ्यांपुढं अंधारी येते, हाडं झिजून तेच पाणी जाते अशी समजूतही सोबत असते. म्हणजे पाळीच्या मधल्या दिवसांतला नेहमीचा स्राव, बुरशीची खाज, खरा संसर्ग, रक्त कमी असणं आणि घरातली एखादी न सांगण्याजोगी गोष्ट, सगळं एकाच शब्दात बांधलेलं. ग्रामीण विदर्भातल्या उपकेंद्रावर नर्सबाई बायकांचं दुखणं ज्या पद्धतीनं तपासते, ती ही गाठ सोडवता सोडवता घडली आहे.

सुरुवात मात्र दुखण्यापासून झाली नाही. १९६५मध्ये गर्भ राहू नये म्हणून पिशवीत बसवायचा प्लास्टिकचा लूप आला, पुढं त्याच कामाची तांबी (कॉपर-टी) आली. तांबी बसवायला टेबल लागतं, स्पेक्युलम (आतलं दिसावं म्हणून योनीमार्ग उघडून धरणारं हत्यार) लागतं, टॉर्च लागते. हे सगळं उपकेंद्रावर आलं ते कुटुंब नियोजनासाठी. मार्चअखेरचं कुटुंब नियोजनाचं टार्गेट डोक्यावर असलेल्या नर्सबाईला त्याच स्पेक्युलमनं धुपणीची तक्रार बघायला ना कोणी सांगितलं, ना शिकवलं. हत्यार होतं, टेबल होतं, तक्रार घेऊन बाई समोर उभी होती. आणि तिला लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवलं जायचं. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे.

त्या काळात बायकांना नेमकं काय होत होतं, ते १९८९मध्ये प्रसिद्ध झालेल्या गडचिरोलीच्या अभ्यासानं दाखवलं. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग होता, सरासरी बाईमागं ३.६. त्याआधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. यातला एक आकडा पुढच्या वादासाठी कामाचा: तक्रार सांगणाऱ्या बायका ५५ टक्केच होत्या. उरलेल्या ४५ टक्क्यांना काहीच त्रास जाणवत नव्हता.

लोकसंख्या आणि विकासावरच्या १९९४च्या कैरो परिषदेनंतर वारं फिरलं. १९९६मध्ये टार्गेट कागदावरून तरी गेलं आणि १९९७च्या प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रमात जननमार्गाचा संसर्ग हे उपचाराचं काम म्हणून आलं. आता उपचार कसा करायचा, हा प्रश्न होता. प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही, आणि आज नमुना देऊन गेलेली बाई रिपोर्टसाठी पुन्हा येईल याची खात्री नाही, त्यात कापूस वेचणीचे दिवस असले तर नाहीच, कारण मजुरी किलोवर. म्हणून लक्षणांवरून उपचार ही पद्धत घेतली गेली. २००७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये ती पक्की झाली आणि मागोमाग रंगीत किट आली. योनीदाहासाठी हिरवी, गर्भाशयाच्या मुखाच्या संसर्गासाठी करडी, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळी. हिरव्या किटमध्ये सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल, करड्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. या दोन्हींचा डोस एकदाच. समोरच गिळायला लावलं की काम झालं.

पद्धत सोयीची होती, यात वाद नाही. वाद होता तो धुपणीला लक्षण मानण्याचा. पुरुषाच्या लघवीच्या जागेतून पू आला तर त्याचा अर्थ बऱ्यापैकी सरळ असतो. बाईच्या पांढऱ्या जाण्याचा तसा नसतो. गर्भाशयाच्या मुखाला संसर्ग असलेल्या कितीतरी बायकांना काहीच जाणवत नाही, आणि पांढरं जातं म्हणून आलेल्या अनेकींना लैंगिक संसर्ग नसतोच. गडचिरोलीचे ४५ टक्के इथं आठवावेत. हिरवी की करडी, हे ठरवायला सूचनांमधल्या उपचाराच्या तक्त्यातच स्पेक्युलमनं बघा असं म्हटलेलं आहे. पण पडदा नसलेल्या खोलीत, बाहेर लसीकरणाची रांग असताना, बघणं गळालं आणि किट वाटणं राहिलं. बघता येत नसेल तर प्रश्न विचारायचे: नवऱ्याला लघवीच्या जागी काही त्रास आहे का? तो कामाला बाहेरगावी असतो का? शहरातल्या दवाखान्यात हा साधा प्रश्न असेल. ज्या गावात नर्सबाईची खोली सासूच्या ओळखीच्या घरात आहे, तिथं तो आरोप ठरतो. त्यात करड्या किटसोबत नवऱ्यालाही गोळ्या द्यायच्या. त्या देणं म्हणजे घरात भांडण पाठवणं. पुष्कळ नर्सबाईंनी मग आपापला मार्ग काढला. आधी वास, रंग, खाज विचारायची; दह्यासारखं असेल आणि खाज असेल तर बुरशी धरायची; माशासारखा वास असेल तर मेट्रोनिडाझोल; काहीच नसेल तर हे नॉर्मल आहे असं सांगून हिमोग्लोबिन बघायचं, आणि पूर्व विदर्भात सिकलसेलचंही (रक्ताचा आनुवंशिक आजार) विचारायचं. पाळीचं कापड सावलीत, दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवलं जातं का, हा प्रश्नही तेव्हाच ठरलेला झाला. तक्त्यापेक्षा हे जास्त शहाणपणाचं होतं, असं माझं मत.

ज्यांना असं कोणी भेटलं नाही, त्या तालुक्याला गेल्या. तिथं धुपणीची "पिशवीला सूज" झाली आणि काहींच्या बाबतीत गोष्ट पिशवी काढण्यापर्यंत गेली.

अलीकडचे बदल दोन. २०१६च्या सूचनांनुसार ३० ते ६५ वर्षांच्या बायकांची दर पाच वर्षांनी गर्भाशयाच्या मुखाची तपासणी व्हायची आहे. व्हिनेगरसारखं पातळ ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का बघायचं. प्रशिक्षित नर्सला हे करता येतं. स्पेक्युलम हातात घ्यायला पुन्हा एक सरकारी कारण मिळालं.

दुसरा बदल पदाचा. 'नर्स प्रॅक्टिशनर', म्हणजे स्वतः तपासून उपचार करणारी जास्त शिकलेली नर्स, हा शब्द १९६५चा, अमेरिकेतल्या कोलोरॅडोचा, आणि तिथं तो लहान मुलांच्या तपासणीसाठी निघाला. आपल्याकडं तो २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात दिसतो, पण उपकेंद्रावर या नावाचं कोणी आलं नाही. २०१८पासून आले ते समुदाय आरोग्य अधिकारी: कोणी नर्सिंग केलेले, कोणी बीएएमएस, सहा महिन्यांचा कोर्स करून. त्यांनी कोणती औषधं स्वतः द्यायची आणि कोणती डॉक्टरांना विचारून, यावर बैठका झाल्या. गावात वेगळाच प्रश्न निघाला. कित्येक ठिकाणी हा अधिकारी पुरुष आहे. बीपी-शुगर बाया त्याच्याकडं दाखवतात. धुपणी सांगायची असली की त्या व्हरांड्यात थांबून विचारतात, "सिस्टर कवा येते?"