कुत्र्यांच्या पिल्लांतील नियोस्पोरोसिस

नियोस्पोरा कॅनिनम या एकपेशीय परजीवीमुळे पिल्लांच्या स्नायूंना आणि मज्जातंतूंच्या मुळांना होणारा रोग. १९८४ मध्ये नॉर्वेतील बॉक्सर जातीच्या पिल्लांत तो प्रथम आढळला व १९८८ मध्ये परजीवीला हे नाव मिळाले. तोपर्यंत अशा रुग्णांना टॉक्सोप्लाझ्मोसिस (टॉक्सोप्लाझ्मा या मिळत्याजुळत्या परजीवीमुळे होणारा रोग) झाल्याचे मानले जाई.

मादीच्या शरीरात सुप्त असलेल्या पुटीतील (ऊतींमधील सूक्ष्म पिशवीतील) परजीवी गाभणकाळात पुन्हा सक्रिय होऊन वारेतून गर्भात शिरतात. मादी स्वतः धडधाकट दिसते, आणि एकामागून एक वेतांना संसर्ग देऊ शकते.

लक्षणे बहुधा ३ ते ९ आठवड्यांच्या वयात दिसू लागतात. पिल्लू चालताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलते. पुढे मांडीचे स्नायू झिजतात, गुडघ्यावर ठोकल्यावर पाय झटकला जात नाही आणि अखेरीस पाय सरळ ताठून गुडघा वाकेनासा होतो. पिल्लू मात्र बराच काळ सावध असते व खाते-पिते, त्यामुळे मार लागला असावा किंवा कॅल्शियम कमी पडले असावे असे समजून मोलाचे दिवस वाया जातात.

रक्तात क्रिएटिन कायनेज या स्नायूंतील विकराचे (एन्झाइमचे) प्रमाण वाढलेले असणे हे स्नायूदाहाचे लक्षण असले, तरी त्यावरून कारण ठरत नाही. प्रतिपिंडांची (परजीवीविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांची) चाचणी उपयोगी आहे. परंतु लहान पिल्लांत आईकडून आलेली प्रतिपिंडेही सापडतात. म्हणून स्नायूचा तुकडा काढून केलेली ऊतितपासणी व पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी) अधिक भरवशाची.

उपचारात क्लिंडामायसिन, किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फाडायझिनसोबत पायरिमेथामिन, किमान ४ आठवडे आणि सुधारणा होत असेल तर त्याहून अधिक काळ दिले जाते. मात्रा पशुवैद्यक वजनानुसार ठरवतात. औषध परजीवीची वाढ रोखते, पण ऊतींतील पुटी नष्ट करू शकत नाही, आणि एकदा आखडलेला सांधा सहसा मोकळा होत नाही. यासाठीच एका पिल्लात निदान होताच त्या वेतातील सर्व पिल्लांवर, वरकरणी निरोगी दिसली तरी, उपचार सुरू करणे आवश्यक आहे. ताठरपणा येण्यापूर्वी औषध मिळालेली पिल्ले बरी होण्याची शक्यता पुष्कळच जास्त असते. सूज कमी करण्यासाठी स्टेरॉइड देणे घातक ठरू शकते, कारण त्याने प्रतिकारशक्ती दबून परजीवी फोफावतो.

कुत्र्यांसाठी या रोगाची लस नाही. कुत्र्यांना कच्चे मांस देऊ नये; गोठ्यात गाय व्यायल्यावर पडलेली वार किंवा गाभडलेला गर्भ त्यांच्या तोंडी लागू नये म्हणून खोल पुरावा. कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्या-पाण्यात गेलेल्या परजीवीमुळे गाई गाभडतात, त्यामुळे ही काळजी गोठ्याच्याही हिताची आहे. बाधित पिल्लांना जन्म दिलेल्या मादीपासून पुन्हा वेत घेऊ नये.