मेमरी भरली की स्टोरेज?

फोन हँग होतोय म्हणून माझ्या मावशीने गेल्या दिवाळीत नातीच्या बारशाचे फोटो पुसून टाकले. ‘मेमरी फुल झाली असेल, फोटो डिलीट करा,’ असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. फोन हँग होतच राहिला आणि फोटो मात्र गेले. हा सल्ला इतक्या घरांत दिला जातो, की ऐकला की मला आता राग येतो.

स्टोरेज म्हणजे 64 किंवा 128 जीबीची ती जागा, फोटो आणि व्हॉट्सअॅपचे व्हिडिओ जिथे साठतात. ती तुम्हाला ठाऊकच आहे. रॅम, म्हणजे चालू अॅपची कामाची जागा, जिला मेमरी म्हणतात, ती त्याहून खूप लहान, खूप वेगवान, आणि फोन बंद केला की कोरी. इथपर्यंत कुणी फारसं चुकत नाही.

चुकतं ते ‘मोकळी जागा’ या शब्दाशी. ऑपरेटिंग सिस्टीम (फोन किंवा संगणक चालवणारी मूळ प्रणाली, जसं अँड्रॉइड किंवा विंडोज) स्टोरेजमध्ये फाइलींची नावं, फोल्डर, परवानग्या सांभाळते, पण कुठला फोटो नको ते तुम्हीच ठरवायचं. तिथला पसारा तुम्हीच आवरायचा. रॅमचा कारभार मात्र सगळा तिच्याकडे असतो: कुठल्या प्रोसेसला (चालू असलेल्या प्रोग्रॅमला) किती जागा द्यायची, एकीला दुसरीच्या जागेत शिरू द्यायचं नाही, गरज पडली की जागा काढून घ्यायची. रिकामी पडून राहिलेली रॅम कुणाच्याच कामाची नाही, म्हणून लिनक्स (अशीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) वाचलेल्या फाइलींच्या प्रती तिथे ठेवतं आणि एखाद्या प्रोग्रॅमने जागा मागितली की सोडून देतं. तिथे ‘फ्री’चा (अगदी रिकाम्या जागेचा) आकडा पाहून घाबरू नका, ‘अव्हेलेबल’चा (मागितली तर मिळेल त्या जागेचा) पाहा. अँड्रॉइडही मागची अॅप रॅममध्ये राहू देतं आणि जागा कमी पडली की स्वतःच बंद करतं. त्यामुळे ‘रॅम क्लीनर’ अॅप कृपा करून टाकू नका. सारखी सगळी अॅप सरकवून बंद करण्याची सवयही सोडा. तेच अॅप पुन्हा पहिल्यापासून उघडताना वेळ आणि बॅटरी जास्त जाते.

घोळाला एक खरं कारणही आहे. रॅम कमी पडली की विंडोज तिच्यातली काही पानं (मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे), बहुतेक वेळा 4 केबीची एकेक, डिस्कवरच्या, म्हणजे स्टोरेजमधल्या, पेजफाइल नावाच्या फाइलमध्ये नेऊन ठेवतं. ही युक्ती जुनीच: मँचेस्टर विद्यापीठाच्या अॅटलस संगणकाने 1962 मध्येच मुख्य मेमरी आणि फिरता ड्रम (तेव्हाचं स्टोरेज) मिळून प्रोग्रॅमला एकच मोठी मेमरी भासवली होती. डिस्क रॅमहून कितीतरी संथ, त्यामुळे पानांची ये-जा वाढली की संगणक रखडतो. ती रखड रॅमची असते, पण दोष डिस्कवरच्या फोटोंना दिला जातो.

स्टोरेज अगदी काठोकाठ भरलं तरी फोन मंदावतो, हे खरं. म्हणून काहीही पुसण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन किती जागा उरली आहे ते बघा. मावशीच्या फोनमध्ये निम्मी जागा मोकळी होती. रॅम होती 2 जीबी.