भाडेघराच्या बांधकामाचा अर्थपुरवठा (खानदेश)

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत स्वतःच्या प्लॉटवर, स्वतःच मिस्त्री-ठेकेदार लावून भाड्याने देण्यासाठी घर बांधताना पैसा उभा करण्याच्या रीती. येथे बिल्डर मध्ये नसतो, त्यामुळे काम अर्धवट राहण्याची जोखीमही मालकाचीच.

असे घर सहसा अख्खे भाड्याचे नसते. खाली मालक राहतो, वरचा मजला किंवा मागच्या खोल्या भाडेकरूला. भाडेकरू म्हणजे बदलीवर आलेले नोकरदार किंवा खोली करून राहणारे विद्यार्थी. भुसावळला रेल्वे व जवळचे दीपनगर वीज केंद्र, वरणगावला आयुध निर्माणी, जळगावला एमआयडीसी व १९९० साली स्थापन झालेले विद्यापीठ, धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे ही मागणी टिकून आहे.

बँक पैशाआधी कागद पाहते : सातबारा किंवा मिळकत पत्रिका, एन.ए. (बिगरशेती) आदेश, मंजूर नकाशा, इंजिनिअरचे अंदाजपत्रक. गावठाणात अडचण येते ती ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्याची. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा निर्विवाद पुरावा नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या कमाल ९० टक्के आणि त्यापुढे ७५ लाखांपर्यंतचे ८० टक्के देता येते. प्रत्यक्षात रक्कम ठरते ती अर्जदाराच्या उत्पन्नावर. अजून न आलेल्या भाड्यावर बँक फारशी विसंबत नाही.

कर्ज जोता (पायावरचा चौथरा), स्लॅब, वीटकाम, प्लास्टर असे टप्प्याटप्प्याने सुटते. प्रत्येक टप्पा आधी आपल्या खिशातून चढवावा लागतो, मग बँकेचा माणूस पाहणी करतो. या काळात सहसा उचललेल्या रकमेचे व्याज तेवढे भरायचे असते. पावसाळ्यात नदीतला वाळूउपसा बंद झाला की वाळूच्या ब्रासचा (शंभर घनफुटांचा) भाव चढतो, काम रेंगाळते, व्याज मात्र चालूच राहते.

शेतकऱ्याची खरी अडचण वेळेची आहे. कापसाचे पैसे हंगामात एकदम येतात, हप्ता दर महिन्याला. म्हणून अनेक जण बँकेच्या वाटेला न जाता एका हंगामात जोता घालतात, पुढच्या कापसावर किंवा केळीवर स्लॅब टाकतात आणि वरच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया उघड्या सोडून ठेवतात. व्याज वाचते, पण तितकी वर्षे भाडेही बुडते. खोल्यांना गिऱ्हाईक तयार असेल तर हा सौदा महागच पडतो. उरलेली तोंडमिळवणी भिशी, पतसंस्था, सोनेतारण किंवा नातेवाइकांच्या हातउसन्या पैशांतून होते. हातउसने २० हजार किंवा त्याहून अधिक असतील तर रोखीने घेणे सहसा आयकर कायद्यात बसत नाही, ही गोष्ट बहुतेकांच्या गावीही नसते.

हिशेबाचा नमुना असा : २० लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षे मुदत, तर हप्ता सुमारे १८,००० रुपये. खोल्यांचे मिळून महिना १५,००० रुपये भाडे धरले तरी पहिल्या वर्षी त्यातून जेमतेम व्याज निघते. मुद्दल व घरपट्टी मालकाच्या पगारातून किंवा शेतीतून जाते. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा करून राहिलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, शिवाय कर्जाचे व्याजही वजा होते. वजावटी भाड्यापेक्षा जास्त झाल्या तर तो तोटा दाखवून पगारावरचा कर वाचवण्याची सोय जुन्या करप्रणालीतच आहे, तीही वर्षाला २ लाखांपर्यंत.

प्रधानमंत्री आवास योजनेचे घरबांधणी अनुदान पक्के घर नसलेल्या कुटुंबासाठी आहे, भाड्याच्या खोल्यांसाठी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. वरच्या मजल्यासाठी पुन्हा कर्ज मागताना भाड्याचे उत्पन्न दाखवायचे तर बँक हाच करार आणि आयकर विवरणपत्र मागते.