पोलर बेअर हिवाळ्यात झोपत नाही हो!

भाची पाचवीत आहे. शाळेतून प्रोजेक्ट आलं, बर्फाळ प्रदेशातले प्राणी. रविवारी दुपारी ताईच्या कोपरीच्या घरी गेलो तर हॉलभर चार्टपेपर, स्केचपेनं, डिंकाचे हात सोफ्याला. अस्वल मस्त काढलेलं, शेजारी पेंग्विन, आणि खाली सुवाच्य अक्षरात 'ध्रुवीय अस्वल हिवाळ्यात गुहेत जाऊन शीतनिद्रा घेते'. म्हटलं हे कुठून आणलंस, तर वहीच दाखवली तिने, बाईंची बरोबरची खूणसकट. आता बाईंना काय बोलणार, हेच वाक्य सोसायटीच्या क्विझमध्ये ऐकलंय, फॉरवर्डमध्ये वाचलंय, त्या 'तुम्हाला माहितीये का' वाल्या रील्समध्ये तर दर आठवड्याला असतं. तपकिरी अस्वलाचं वेळापत्रक उचलायचं आणि पांढऱ्या अस्वलाला चिकटवायचं, झालं काम.

तपकिरी अस्वल तुम्हाला माहितीये, कार्टूनमध्ये तेच असतं. हिवाळ्याआधी मासे, बेरी, जे मिळेल ते खाऊन फुगतं, मग गुहेत शिरतं ते कित्येक महिने खाणं नाही, पिणं नाही, शी-शू पण नाही, आणि बर्फ वितळायला लागला की बाहेर. आपल्या हिमालयातही आहे ते. बास, एवढं पुरे.

दिसण्यातले फरक पण पटकन उरकतो. तपकिरीच्या खांद्यावर उंचवटा असतो, पोलरची मान लांब. पोलरचा केस खरं तर पांढरा नसतोच, बिनरंगी असतो, खालची कातडी काळी. (तो केस फायबर ऑप्टिकसारखा ऊन आत नेतो ही थाप आहे, प्लीज फॉरवर्ड करू नका.) दोघं इतकी जवळची नातेवाईक की मोकळ्या निसर्गात त्यांचं मिश्र पिल्लूही झालेलं आहे, 2006 साली कॅनडात डीएनए तपासून खात्री केली होती. आणि हो, पेंग्विन दक्षिणेकडचे, पोलर बेअर उत्तर ध्रुवाकडचं, आयुष्यात कधी भेट होत नाही. राणीच्या बागेतले पेंग्विन तर पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांना बर्फाशी देणंघेणंच नाही.

आता मुद्द्याचं. तपकिरी अस्वल कशासाठी झोपतं? थंडी वाजते म्हणून नाही, खायला नसतं म्हणून. बर्फाखाली सगळं गाडलं गेलं की हिंडण्यात शक्ती घालवण्यापेक्षा पडून राहिलेलं परवडतं. पोलर बेअरचं बरोब्बर उलटं आहे, त्याचं ताट बर्फावरच वाढलेलं असतं. ते जगतं सील या समुद्री प्राण्यावर, आणि मोकळ्या पाण्यात सील त्याच्या सहसा हाताला लागत नाही. पोलर बेअर मैलोन्‌मैल पोहतं, पण सीलच्या चपळाईपुढे पोहण्यात ते म्हणजे डबल डेकर बस. म्हणून त्याला समुद्र गोठलेला लागतो. रिंग्ड सील नावाचा छोटा सील बर्फाला नखांनी भोकं पाडून ठेवतो, श्वास घ्यायला, आणि अस्वल अशा भोकाशी तासन्‌तास पुतळ्यासारखं बसून राहतं, नाक वर आलं की एका झटक्यात बाहेर ओढायचं. वसंतात सीलची पिल्लं बर्फाखालच्या बिळात असतात, वरून काही दिसत नाही, हे वासावर शोधतं, मागच्या पायांवर उभं राहतं आणि पुढचे दोन्ही पाय धाडकन आपटून छप्पर फोडतं. साधारण एप्रिल ते जून ही त्याची खरी दिवाळी. इतकी की पोटभर असलं तर नुसती चरबी खातं आणि मांस कोल्ह्यांना सोडून देतं.

मग उपास कधी? उन्हाळ्यात! कॅनडाच्या हडसन बेमध्ये उन्हाळ्यात बर्फ पूर्ण वितळतो, अस्वलं किनाऱ्यावर येतात आणि नोव्हेंबरच्या आसपास परत बर्फ धरेपर्यंत तिथेच अडकतात.

ठाण्यातल्या माणसाला हे कळायला खरं तर वेळ लागू नये. 1 जून ते 31 जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. जूनच्या मध्यात बाजारात जाऊन बघा, पापलेट-सुरमईच्या जागी सुकट, जवळा, सुक्या बोंबलांच्या पेंढ्या, आणि मावशींना ताजं काय विचारलं तर 'आता कुठलं ताजं बाबा, बंदी लागली'. समुद्र तिथेच आहे, मासे तिथेच आहेत, बोट बाहेर काढता येत नाही. पोलर बेअरची बोट म्हणजे तो बर्फ. फक्त सुकट वेगळी साठवायची सोय नाही, जे काय साठवलंय ते अंगावर चरबी म्हणून.

यावर काही हुशार लोक म्हणतात, बरं मग उन्हाळ्यात झोपत असेल, चालता चालता शीतनिद्रा. ही कल्पना शास्त्रज्ञांमध्येही होती बरीच वर्षं. मग अलास्काकडच्या अस्वलांच्या शरीरात तापमान मोजणारी यंत्रं बसवली, आणि 2015 मध्ये निष्कर्ष आला की असं काही होत नाही, कुठलाही प्राणी उपाशी राहिल्यावर जेवढा मंदावेल तेवढंच ते मंदावतं. हडसन बेच्या किनाऱ्यावर 20 अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे अडकवले होते, कोणी बेरी खाल्ल्या, कोणी पक्षी, कोणी नुसतं लोळून काढलं, तरी साधारण तीन आठवड्यांत 20 पैकी 19 जणांचं वजन घटलंच. दिवसाला किलोभर जातं.

मग गुहेची भानगड आली कुठून? ती पूर्ण खोटी नाहीये, म्हणूनच तर गोंधळ टिकलाय. गुहेत जाते ती फक्त गाभण मादी. समागम वसंतात होतो पण गर्भ तेव्हा वाढतच नाही, थांबून राहतो, शरद ऋतूत मादीच्या अंगावर पुरेशी चरबी असेल तरच पुढे सरकतो. मग ती बर्फात बीळ खोदते आणि भर हिवाळ्यात तिथे पिल्लं होतात, बहुतेक वेळा दोन, प्रत्येकी जेमतेम अर्धा-पाऊण किलोचं, म्हणजे आपल्या बाळापेक्षाही कितीतरी लहान. मार्च-एप्रिलमध्ये बाहेर येईपर्यंत ती दहाएक किलोची होतात, सगळी आईच्या दाट चरबीदार दुधावर, आणि आईने तोवर घासभरही खाल्लेलं नसतं. हडसन बेमधल्या माद्यांचा तर उन्हाळ्यातला उपास धरून आठ महिन्यांपर्यंत जातो. याला तुम्ही शीतनिद्रा म्हणणार? ती बाळंतिणीची खोली आहे हो. नर, वयात न आलेली पोरं, पिल्लं घेऊन फिरणाऱ्या आया, हे सगळे त्याच वेळी महिनोन्‌महिन्यांच्या अंधारात बर्फावर शिकार करत असतात, फार तर वादळ आलं की खड्डा करून चार दिवस पडून राहतात.

आणि अस्वल म्हटलं की शीतनिद्रा हेही खरं नाही, आपलं मेळघाटातलं काळं अस्वल कुठे झोपतं, वाळवी आणि मोहाची फुलं बारा महिन्यांत त्याला काही ना काही मिळतंच.

हा फरक डोक्यात नसला की बर्फ कमी होतोय या बातमीचा अर्थही चुकतो. लोकांना वाटतं बिचाऱ्याला उकडत असेल. उकाडा सोडा, त्याची बंदी लांबत चाललीये. पश्चिम हडसन बेमध्ये 1987 साली साधारण 1,200 अस्वलं होती, 2021 च्या मोजणीत 618.

चार्टवरचं वाक्य शेवटी खोडलं आणि त्यावर पांढरा कागद चिकटवून भाचीने लिहिलं, 'फक्त आई अस्वल बाळंतपणासाठी गुहेत जाते'. पेंग्विन मात्र तिने काढू दिला नाही. म्हणे तो जास्त चांगला जमलाय.