नवरातिलोवा आणि पासपोर्टचा गैरसमज

नागपुरात मुलांना टेनिसला घालणाऱ्या पालकांमध्ये एक समज पक्का बसलाय: मार्टिना नवरातिलोवाने 1975 साली चेकोस्लोव्हाकिया सोडून लगेच अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, म्हणून ती विम्बल्डन जिंकली. साफ चूक! नागरिकत्व मिळालं 1981 मध्ये. 1978 आणि 1979 ची एकेरीची विजेतेपदं त्याआधीची, हातात अमेरिकन पासपोर्ट नसतानाची. वैयक्तिक स्पर्धेत प्रवेश रँकिंगवर मिळतो. अडतं ते देशाच्या संघात. फेडरेशन कप, म्हणजे देशांच्या महिला संघांची स्पर्धा, तिने 1975 मध्ये चेकोस्लोव्हाकियाकडून जिंकला, अमेरिकेकडून थेट 1982 मध्ये.

तेव्हा परदेशी स्पर्धांसाठी पासपोर्ट बदलायची गरजच नाही. आयटीएफचा (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा) आयपिन, म्हणजे खेळाडूचा नोंदणी क्रमांक, काढा, व्हिसाचा अर्ज वेळेत टाका. उलट पासपोर्ट बदलला की भारताच्या संघाचं दार बंद; परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड तिथे चालत नाही.