अनिश्चित लक्ष्य आणि हस्तगतीचे नियोजन

हात नेमका कोठे न्यायचा हे ठरण्याआधीच तो उचलावा लागतो, अशा वेळी मेंदू करत असलेली गतीची आखणी. मालवणकडे ओहोटीला खडपांत कुर्ल्या धरणाऱ्याला हा प्रसंग नेहमीचा असतो: कुर्ली आडवी पळणार हे ठाऊक, कोणत्या बाजूला ते नाही, आणि वाट पाहावी तर ती कपारीत शिरते. पाग टाकणाऱ्यास पुढील विवेचन लागू पडत नाही. हातातून सुटलेले जाळे वळवता येत नाही, हात मात्र डोळ्यांच्या आधाराने साधारण १०० ते १५० मिलिसेकंदांत वळू लागतो.

हस्तगतीचे आरंभीची झेप व नंतरची दुरुस्ती असे दोन भाग वुडवर्थ यांनी १८९९ मध्ये पाडले. एकाहून अधिक लक्ष्यांचा विचार मात्र मुख्यत्वे विसाव्या शतकाच्या अखेरचा. घेझ व सहकारी (१९९७) यांच्या प्रयोगांत लक्ष्ये जवळजवळ असली की घाईतला हात दोहोंच्या मधून निघे; ती दूर असली की कोणत्यातरी एकाकडे जाई. चॅपमन व सहकाऱ्यांनी (२०१०) हात निघाल्यावरच खरे लक्ष्य उघड केले. तेव्हाही आरंभीचा मार्ग मधलाच राहिला आणि जिकडे लक्ष्ये अधिक तिकडे झुकला.

मधला मार्ग का, याविषयी मतभेद आहेत. सिसेक व कलास्का (२००५) यांना माकडांच्या पृष्ठीय पूर्वप्रेरक बाह्यकात (मेंदूच्या हालचाली आखणाऱ्या एका भागात) दोन्ही दिशांशी निगडित चेतापेशी एकाच वेळी सक्रिय आढळल्या. त्यावरून दोन आराखडे समांतर तयार होतात व हालचालीत त्यांची सरासरी उतरते, असे मत रूढ झाले. दुसऱ्या मताप्रमाणे आराखडा एकच असतो. मधून निघाल्यास पुढे वळणे सोपे जाते म्हणून तो तसा आखला जातो. वाँग व हेथ (२०१७) यांनी हालचालीचा वेग बदलून पाहिला. मधल्या मार्गाने यश वाढत होते अशा संथ वेगांनाच लोकांनी तो धरला; वेग वाढवल्यावर सोडून दिला. आपोआप होणाऱ्या सरासरीने याचा उलगडा करणे कठीण आहे. अलहुसैन व स्मिथ (२०२१) यांनी हातावर बाह्य बल लावून केलेले प्रयोगही एकच आराखडा सुचवतात.

माकडांवरील पुराव्याचाही फेरविचार झाला आहे. डेकलेव्हा व सहकाऱ्यांनी (२०१८) त्याच बाह्यकातील क्रियाशीलता प्रयोगाच्या एकेका फेरीपुरती तपासली, तेव्हा एका वेळी एकच आराखडा दिसला. अनेक फेऱ्यांची सरासरी काढल्यास असे एकेरी आराखडे दुहेरी भासू शकतात.