आठ तास अंथरुणात, तरी झोप झालीच नाही

रात्रीचे पावणेतीन. बाळ तिसऱ्यांदा उठलंय, अर्ध्या झोपेतच तुम्ही त्याला घेता, दूध पाजता, खांद्यावर टाकून ढेकर काढता, परत आडवे होता आणि डोळा लागतोय न लागतोय तोच पुन्हा रडणं सुरू. सकाळी कोणी विचारलं की आपण सांगतो, झोपले होते की दहा ते सहा. हिशोबाने ते खरंही असतं. माझं बाळ सहा महिन्यांचं असताना मी एकदा बाटलीचं झाकण फ्रिजमध्ये ठेवलं आणि दुधाने भरलेली बाटली कपड्यांच्या कपाटात, आणि मग अर्धा तास ती बाटली घरभर शोधत होते. तेव्हा वाटलं आपल्यालाच काहीतरी झालंय. नंतर झोपेवरचं संशोधन वाचायला लागले तेव्हा कळलं की असं होणारच होतं.

सेल्फ केअर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर स्पा, शॉपिंग, दोन दिवस कुठेतरी जाऊन येणं असलं काहीतरी येतं, आणि ज्यांना अंघोळीला धड दहा मिनिटं मिळत नाहीत ते म्हणतात हे आपल्यासाठी नाहीच. माझं म्हणणं असं की लहान मुलांच्या आईबाबांसाठी पहिला नंबर सलग झोपेचा, बाकी सगळं त्याच्या मागून. सलग हा शब्द महत्त्वाचा आहे. झोप म्हणजे टाकीत पाणी भरणं नाही, की थोडं थोडं भरलं तरी शेवटी टाकी भरली म्हणजे झालं. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं, आधी हलकी झोप, मग गाढ, मग वर येऊन स्वप्नांची. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त मिळते, शरीराची बरीचशी दुरुस्ती त्याच वेळात चालते, स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढते. मधेच पंधरा-वीस मिनिटं उठावं लागलं की हे चक्र तुटतं, आणि परत झोपल्यावर ते जिथे सोडलं तिथून पुढे चालू होत नाही, बहुतेक वेळा पुन्हा हलक्या झोपेपासूनच सुरुवात.

तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये नेमकं हेच तपासलं. धडधाकट माणसांना आठ तास झोपायला दिले पण रात्रीत चार वेळा फोन करून उठवलं, दर वेळी कॉम्प्युटरवर दहा-पंधरा मिनिटांचं काम करायला लावलं आणि मग परत झोपा म्हणून सांगितलं. म्हणजे बाळाच्या जागी फोन. सकाळी त्यांचं लक्ष आणि मूड इतका बिघडलेला होता की फक्त चार तास झोपलेल्यांच्या आणि यांच्या अवस्थेत काही फरक नव्हता. आणि हे एका रात्रीत! घरात बाळ असलेल्यांचं हे महिनोनमहिने चालतं.

दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या टीमने काही जणांना १४ दिवस रोज सहाच तास झोपायला दिलं. शेवटी शेवटी त्यांची कामगिरी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली होती, पण त्यांना विचारलं तर म्हणायचे, थोडी झोप येतेय बाकी ठीक आहे. म्हणजे झोप कमी पडली की आपण किती कमी पडतोय हे मोजणारी जागाच आधी बधिर होते. म्हणून "मला सवय झालीय, मी मॅनेज करते" या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही, मी स्वतः ते म्हटलेलं असूनसुद्धा.

आणि हे किती दिवस? जर्मनीतल्या हजारो आईबाबांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये दिसलं की पहिल्या तीन महिन्यांत आयांची झोप रोज तासाभराहून जास्त कमी झाली, वडिलांची साधारण पाव तास, आणि पहिलं मूल झाल्यावर सहा वर्षांनीही दोघांची झोप पूर्वीसारखी झाली नव्हती. एक तास आणि पाव तास, हा फरक बघा जरा.

आता बाळाकडे वळू, कारण स्वतःसाठी वेळ काढला की बाळाचं काहीतरी हिरावून घेतो असं वाटणं हीच खरी अडचण आहे. २०१४ मधलाच अमेरिकेतला एक प्रयोग, १२ ते १४ महिन्यांची बाळं आणि त्यांच्या आया. बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवून काही आयांना अशा लोकांसमोर बोलायला लावलं जे कपाळाला आठ्या घालून नकारार्थी मान हलवत बसले होते. मग बाळ परत आईकडे दिलं. त्या बाळाने काही पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं, तरी थोड्याच मिनिटांत त्याच्या हृदयाचे ठोके आईच्या ठोक्यांबरोबर वर-खाली व्हायला लागले. हे वाचून कुणी स्वतःला दोष देऊ नका प्लीज, मी उलट बाजूने बघते, आई किंवा बाबा शांत झाले तर तेही बाळापर्यंत पोचत असणार.

मग करायचं काय. दोघं असाल तर रात्र वाटून घ्या, एकाची ड्यूटी नऊ ते दोन, दुसऱ्याची दोन ते सात, आणि ज्याची ड्यूटी नाही त्याने जमल्यास दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं, कारण कान बाळाकडे असले की गाढ झोप लागत नाही. अंगावर पाजत असाल तर काढून ठेवलेलं दूध चालतं, नाहीतर बाबांनी बाळ आणून द्यायचं आणि ढेकर, लंगोट, झोपवणं सगळं त्यांचं. आमच्याकडे पहिल्या दोन रात्री मी जागीच होते, तिसऱ्या रात्री सलग पाच तास झोपले आणि सकाळी चष्मा कुठे ठेवलाय ते मला आठवलं. एकट्याने मूल वाढवत असाल तर कोणी "काही मदत हवी का" म्हटलं की नको नको न करता सरळ सांगा, शनिवारी सकाळी तीन तास बाळ सांभाळ, मला झोपायचंय. दुपारी पडायला मिळालं तर वीस मिनिटांचा गजर लावा, जास्त झोपलं तर गाढ झोपेतून उठल्यामुळे डोकं जड होतं. आणि एक गोष्ट अगदी हात जोडून सांगते, पेंगत असताना बाळाला घेऊन सोफ्यावर बसू नका, तिथे डोळा लागला तर बाळ गुदमरण्याचा धोका खरोखर मोठा असतो.

झोपेची सोय होऊनही बाळ शांत झोपलेलं असताना तुम्हाला झोप येत नसेल, रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांच्या पुढे गेलं असेल तर मात्र वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार नुकतंच बाळंतपण झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः डिप्रेशन, आणि त्यावर उपचार आहेत, अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधंसुद्धा आहेत. डॉक्टरांकडे गेलात की "झोप येत नाही" एवढंच सांगू नका, बाळ झोपलेलं असतानाही येत नाही हे आवर्जून सांगा.